महोत्सवाच्या मैदानावर मारलेल्या हाकेबाबत

मी, गावात जिला मातीवाली बाई म्हणून ओळखतात ती, वय एकेचाळीस वर्षे, धंदा मातीकामाचे वर्ग घेणे, राहणार कालव्याच्या पुलाजवळ, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा मजला, आज पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन, माझ्या सासूबाईंच्या बाबतीत जे घडलं ते विचारल्यावरून आठवेल तसं सांगते, ते येणेप्रमाणे.

वरील पत्त्यावर मी, माझे पती आणि सासूबाई असे तिघे राहत होतो. पती मालाचा ट्रक चालवतात, महिन्यातले बरेच दिवस बाहेर असतात. आम्हाला मूलबाळ नाही. सासूबाई सरकारी दवाखान्यातून मोठ्या सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली, म्हणून सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. मी त्यांना अहो आई म्हणत असे.

गेल्या काही वर्षांपासून त्यांना विसर पडत होता. जेवण झालं की नाही ते आठवत नसे. माझे पती घरी आले की कधी कधी त्यांना परका माणूस समजून "बसा, डॉक्टर येतीलच" असं सांगत. मला मात्र विसरल्या नाहीत. साहेबांनी विचारलं की आमचं दोघींचं पटत होतं का. पटतही होतं आणि नव्हतंही. मी घासलेली भांडी त्या परत घासत. मी केलेला चहा पिऊन झाल्यावर तो कसा बिघडला ते सांगत. पण मला ताप आला की उशाशी खुर्ची टाकून बसत, आणि तेव्हा कुठलीच गोष्ट विसरत नसत.

ठणकावून दिलेली सूचनाही त्या विसरत नसत. डॉक्टरांनी एकदा पाणी बसून प्यायला सांगितलं होतं. त्यानंतर बाजारात तहान लागली तेव्हा त्या भर रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसल्या आणि मला म्हणाल्या, "डॉक्टरांची ऑर्डर आहे, उभी काय राहिलीस?" मीही बसले. लोक हसत होते.

घराबाहेर पडताना मी त्यांना निळा स्वेटर घालत असे. त्याच्या आत, मानेपाशी, कापडाची पट्टी शिवून तिच्यावर पत्ता आणि माझा फोन नंबर लिहिला होता. बाहेरून ती दिसत नसे. दिसली असती तर त्यांनी ती उसवून काढली असती, आणि मला चार शब्द ऐकवले असते ते वेगळेच.

आमच्या गावात दरवर्षी कालव्याकाठच्या मैदानावर कला महोत्सव भरतो. गावातलीच माणसं गातात, नाटकं करतात, चित्रं मांडतात. माझ्या वर्गातल्या मुलांनी रंगवलेल्या कुंड्यांचा एक मंडप असतो. यंदा समितीने एका दूरदर्शन मालिकेच्या मंडळींना आपल्या महोत्सवात शूटिंग करायला परवानगी दिली. मालिका एका लहान गावातल्या कुटुंबाची आहे, आमच्याकडे बहुतेक घरांत बघतात. एका भागात कला महोत्सव दाखवायचा होता आणि त्यांना आयती गर्दी मिळणार होती. गावाचं नाव होईल म्हणून सगळे खूश होते. मीही होते. माझ्या कुंड्या चांगल्या दिसतात असं सांगून त्यांनी मंडप मैदानाच्या मधोमध हलवायला लावला, तेव्हा मी कुरकुर न करता हलवला.

त्यांच्या कथेत नायिकेची आई रागावून घर सोडते आणि नायिका तिला महोत्सवाच्या गर्दीत शोधते. त्यासाठी मैदानाच्या कालव्याकडच्या टोकाला त्यांनी नायिकेचं घर उभं केलं होतं. घर म्हणजे नुसती दर्शनी भिंत. प्लायवूडची, पिवळ्या रंगाची, खिडकीला पडदे, दाराला दोन पायऱ्या, दारात पायपुसणंसुद्धा. दार खरं होतं, उघडत होतं, कारण नायिका त्यातून धावत बाहेर येणार होती. दाराच्या मागे तिला उभं राहता यावं एवढीच फळी होती. फळीच्या पुढे दगडांचा उतार आणि खाली कालवा. तिथे कठडा नव्हता, दोरीही बांधलेली नव्हती. गावातल्या मोठ्या माणसांना ते घर खोटं आहे हे माहीत होतं, त्यामुळे कुणाच्या मनात काही आलं नाही.

महोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंना बरोबर घेऊन मंडपात गेले. पती ट्रक घेऊन बाहेरगावी होते. मुलं चाकावर बसायला रांगेत उभी होती. सासूबाई प्रत्येकाचे कान तपासत होत्या आणि ज्याचे कान घाण त्याला रांगेच्या शेवटी पाठवत होत्या. दोन मुलं रडली. तेवढ्यात गर्दी जमवण्याचं काम करणारा मालिकेचा माणूस आला. त्याच्या गळ्यात शिट्टी असायची, म्हणून आम्ही सगळे त्याला शिट्टीवाला म्हणत होतो. तो म्हणाला की गर्दीत वयस्कर माणसं कमी पडताहेत, आजींना द्या, बाकावर बसायचंच काम आहे. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांना विसर पडतो, एकटं सोडायचं नाही. तो म्हणाला, "ताई, माझी नजर असते सगळ्यांवर. शूटिंग संपलं की मीच आणून सोडतो." सासूबाई तर केव्हाच उठल्या होत्या.

त्या त्याच्याबरोबर गेल्या तेव्हा मला हायसं वाटलं. साहेबांनी हे विचारलेलं नाही, पण लिहून घ्यावं.

यापुढचं काही मला नंतर समजलं, ते तसं सांगते. कपडेपटाच्या बाईंनी सासूबाईंचा निळा स्वेटर काढून घेतला, कारण नायिकेचा पोशाख निळा होता आणि गर्दीत दुसरा निळा रंग चालत नव्हता. त्याऐवजी त्यांना मरून रंगाचा लांब कोट आणि काठाची टोपी दिली. स्वेटर घडी करून पेटीत ठेवला. पट्टी त्या बाईंनी पाहिली नाही. सासूबाई आरशात बघून म्हणाल्या म्हणे, "हा कोट मला आधी का नाही दिलात?" दुपारनंतर पेटीसह कपडेपटाची गाडी पुढच्या गावी निघून गेली, कारण दुसऱ्या दिवशी तिथे काम होतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मी चाक धुऊन ठेवलं आणि सासूबाईंना आणायला गेले. ज्या बाकांवर गर्दीतली वयस्कर माणसं बसत ते बाक रिकामे होते. शिट्टीवाला सापडला नाही. चहाच्या टेबलाजवळ नव्हत्या, स्वच्छतागृहात नव्हत्या. मी निळा रंग बघत बघत चालत होते, मग भराभर चालायला लागले, मग धावायला लागले आणि हाका मारायला लागले.

मैदानावर त्या वेळी बरीच माणसं होती. मी ओळखते अशी माणसं. कुणी चित्रं बघत होतं, कुणी बोलत होतं. मी "अहो आई, अहो आई" असं ओरडत त्यांच्यामधून गेले आणि एकाही माणसाने माझ्याकडे मान वळवली नाही. माझ्या वर्गातल्या मुलाचे वडील होते, त्यांच्या खांद्याला माझा धक्का लागला. ते चित्राकडेच बघत राहिले. मला वाटलं माझा आवाज फुटत नाहीये, म्हणून मी आणखी जोरात ओरडले. त्या वेळी मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. आपण या गावात नाहीच असं काहीतरी.

शेवटी बेकरीवाली दिसली. आमच्या घरासमोरच तिचं दुकान आहे, रोजचं बोलणं आहे. मी तिचा दंड धरला आणि आई दिसल्या का विचारलं. ती समोर बघत, ओठ न हलवता म्हणाली, "अगं, शूटिंग चालू आहे. हाका मारणाऱ्या बाईकडे बघायचं नाही असं सांगितलंय."

तेव्हा मला कळलं. शिट्टीवाल्याने सगळ्यांना उभं करून ताकीद दिली होती की एक बाई हाका मारत गर्दीतून पळत येईल, तिच्याकडे कुणीही वळून बघायचं नाही, जो बघेल त्याला बाहेर काढू. मी मुलांच्या घोळक्यात चाकावर होते, ती ताकीद माझ्यापर्यंत आली नव्हती. लोकांमधून सकाळपासून नायिका दोन-तीनदा तशी धावत गेली होती. या वेळी मी आले. काहींना आवाज वेगळा वाटला, पण बदली बाई असेल असं त्यांना वाटलं. त्यांचा दोष आहे असं माझं म्हणणं नाही.

मी बेकरीवालीला हलवून म्हटलं, "मी आहे. आई खरंच हरवल्यात." तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. त्याच वेळी कुणीतरी भोंग्यातून कट म्हणालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी वाजवल्या.

दिग्दर्शक उंच खुर्चीवर होते. त्यांनी मला मधे थांबवलं नव्हतं. नायिकेचं काम करणाऱ्या बाई त्या पिवळ्या घराजवळ आपली पाळी येण्याची वाट बघत उभ्या होत्या. त्या सर्वांत आधी माझ्याजवळ आल्या, मला धरलं आणि दिग्दर्शकांना ओरडून सांगितलं की हे खरं आहे. मग भोंग्यावरून सूचना दिली की निळा स्वेटर घातलेल्या सिस्टरबाई कुणाला दिसल्या तर कळवा. निळा स्वेटर मीच सांगितला. सगळं मैदान निळा स्वेटर शोधायला लागलं. आता मात्र सगळे बघत होते.

संध्याकाळी मी या ठाण्यात येऊन हरवल्याची तक्रार दिली, तिच्यातही निळा स्वेटरच लिहिलेला आहे. शिट्टीवाला तोपर्यंत सापडला होता. त्याने सांगितलं की काम संपल्यावर त्याने माणसं मोजली नाहीत, आजी घरी गेल्या असतील असं त्याला वाटलं. कोटाबद्दल त्याला माहिती नव्हती, कपडे दुसरं खातं बघतं असं तो म्हणाला. कपडेपटाच्या बाईंना फोन लावला तर लागत नव्हता.

नायिकेच्या बाईंनी मला सांगितलं की एक मोठा कॅमेरा सबंध मैदान टिपत होता, त्यात त्या कुठे गेल्या ते दिसेल. म्हणून मी दिग्दर्शक उतरले होते त्या लॉजवर गेले. ते जेवायला बसले होते, पण उठून बाहेर आले. वागायला वाईट नव्हते. ते म्हणाले की चित्रण कंपनीच्या मालकीचं असतं, बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय दाखवता येत नाही, आणि मशीन सांभाळणारा माणूस सगळं कुलपात ठेवून गेला आहे. सकाळी या, काहीतरी करू. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले आणि मला उठवलं. सकाळी या, असंच परत म्हणाले.

माझे पती फोनवर सारखे विचारत होते की कुठे कुठे बघितलं. मी जागा सांगत होते. बसचा थांबा, दवाखाना, त्यांच्या जुन्या क्वार्टर्स, पूल, बाजार. ते म्हणाले, आई दवाखान्यातच जाईल, ड्यूटीवर. मी परत दवाखान्यात गेले. त्यांना ट्रक वाटेत सोडायची परवानगी नव्हती, तरी ते तो सोडून मिळेल त्या गाडीने निघाले.

रात्रभर गावातली माणसं आणि ठाण्याचे शिपाई शोधत होते, त्याची नोंद आपल्याकडे आहे. मैदानावरही गेलो. पिवळ्या घरासमोरून मी किती वेळा गेले ते मला सांगता येणार नाही. एकदा पाय चालेनात तेव्हा त्याच्या पायरीवर बसले. मला काही ऐकू आलं नाही. कालव्याला पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज होता. साहेबांनी विचारलं की दार उघडून पाहावंसं वाटलं नाही का. नाही वाटलं. मला माहीत होतं की ते घर नाही.

सकाळी लॉजवर गेले. दिग्दर्शक आणि कंपनीचे व्यवस्थापक दोघे होते. व्यवस्थापक म्हणाले की कालचं माझं धावणं चित्रित झालं आहे, ते मालिकेत घेतलं तर माझी हरकत नाही असं मी सांगितलं तर ते सगळं मालिकेच्या कामकाजात बसतं, मग मला मशीनपाशी बसवायला अडचण नाही. दिग्दर्शक खिडकीबाहेर बघत होते. व्यवस्थापकांनी रेकॉर्डिंग लावून फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि बोला म्हणाले. मी म्हणाले, "काहीही घ्या. आधी दाखवा." ते म्हणाले की "माझी हरकत नाही" हे शब्द हवेत. मी ते शब्द बोलले. माझ्या अंगाला हात लावून कुणी जबरदस्ती केली नाही.

मशीनवर आधी मीच दिसले. केस सुटलेले, हातांना माती. मी स्वतःला ओळखलं नाही, आवाजावरून ओळखलं. मशीनवाला चित्र पुढे नेत होता आणि मी निळा रंग शोधत होते. तेवढ्यात माझ्याच कुंड्यांपाशी एक बाई उभी दिसली. मरून कोट, टोपी, पाठ ताठ, हात मागे बांधलेले. तशा सासूबाई वॉर्डात राउंडच्या वेळी उभ्या राहत, त्याचा फोटो आमच्या घरी आहे. मी थांबवायला सांगितलं.

मी त्यांच्यापासून चार हातांवरून पळत गेले होते. माझी नजर त्यांच्या कोटावरून गेली होती. मी "अहो आई" म्हणाले तेव्हा त्यांची मान जराशी हलली. मग त्यांनी ती परत सरळ केली आणि समोरच्या कुंडीकडे बघत राहिल्या. मी तिथून लांब जाईपर्यंत त्या कुंडीकडेच बघत होत्या. दिग्दर्शक माझ्या मागे उभे होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि खाली बसले.

मशीनवाल्याने पुढे चालवलं. कट झाल्यावर गर्दी फुटली, लोक माझ्याकडे धावले. मरून कोट उलट्या बाजूला चालत गेला. त्या पिवळ्या घराच्या पायऱ्या चढल्या, भिंतीला हात लावून. दारातल्या पायपुसण्याला बूट पुसले, आधी एक, मग दुसरा. दार उघडलं, आत गेल्या, आणि मागे वळून दार नीट लावून घेतलं.

त्यानंतर मी कशी धावले ते मला आठवत नाही. दिग्दर्शक आणि मशीनवाला माझ्याबरोबर धावत होते. मैदानापाशी माझे पती नुकतेच उतरत होते, तेही आले. सासूबाई उतारावर, पाण्याच्या अगदी कडेला, गवतात पडलेल्या होत्या. कोट कमरेपर्यंत भिजलेला होता. एक पाय वेडावाकडा झाला होता. डोळे उघडे होते आणि त्या जिवंत होत्या.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी मला ओळखलं. आवाज अगदी बारीक होता. त्या काय बोलल्या ते साहेबांनी जसंच्या तसं सांगायला सांगितलं, म्हणून सांगते.

त्या म्हणाल्या, "झालं का शूटिंग?"

मी म्हटलं, झालं.

त्या म्हणाल्या, "तू केवढी ओरडत होतीस गं. जीव वरखाली होत होता माझा. पण बघायचं नाही असं सांगितलं होतं त्यांनी. मी बघितलं नाही."

मी म्हटलं, "अहो आई, बरोबर केलंत."

त्या म्हणाल्या, "मग घरी गेले तर घरात कोणीच नाही."

माझे पती तिथे उभे होते. त्यांच्याकडे बघून सासूबाईंनी हे कोण असं विचारलं. पती म्हणाले, "ॲम्ब्युलन्सवाला आहे, सिस्टर." मग ॲम्ब्युलन्स आल्यावर सासूबाईंनी स्ट्रेचर कसं धरायचं ते त्यांना सांगितलं आणि पतींनी तसं धरलं.

दवाखान्यात कमरेचं हाड मोडल्याचं सांगितलं. रात्रभर गारठ्यात आणि ओलीत पडल्यामुळे छातीत कफ भरला होता. पहिल्या दिवशी त्यांनी नर्सला चादरीचा कोपरा कसा मुडपायचा ते दोनदा दाखवलं. दुसऱ्या दिवशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी वारल्या. मी आणि पती दोघे जवळ होतो. डॉक्टरांनी सांगितलं की रात्रीच हाती लागल्या असत्या तर वाचण्याची बरीच आशा होती. हे त्यांनी पतींनाही सांगितलं.

माझं म्हणणं पुढीलप्रमाणे आहे. कपडेपटाच्या बाईंविरुद्ध माझी तक्रार नाही. त्या स्वेटर घेऊन स्वतः घरी आल्या आणि उंबऱ्यातच खाली बसून रडल्या. लोकांविरुद्ध तक्रार नाही. बेकरीवाली रोज सकाळी दारात पाव ठेवून जाते, बेल वाजवत नाही. ज्यांनी ते दार बिनकुलपाचं ठेवलं आणि मागे साधी दोरी बांधली नाही त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे. ज्यांनी संध्याकाळी दाखवता येणारी गोष्ट सकाळी दाखवली त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे. शिट्टीवाल्याबद्दल काय म्हणावं ते मला ठरवता आलेलं नाही. तो सांगतो की त्याने त्याचं काम केलं.

काल दिग्दर्शक घरी येऊन गेले. त्यांची झोप झालेली दिसत नव्हती. दिवा लावलेला होता, त्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले की माझं चित्र ते मालिकेत घेणार नाहीत, पण आवाज घ्यायची इच्छा आहे. नायिका धावताना दिसेल आणि हाक माझी ऐकू येईल. तशी हाक कुठल्याही नटीकडून येणार नाही, आणि तो भाग ते सासूबाईंना अर्पण करतील. फक्त एक अडचण आहे. नायिका स्वतःच्या आईला शोधते आहे, त्यामुळे ती अहो म्हणणार नाही. तेवढा "अहो" कापून टाकला की नुसतं "आई" राहील. आवाजाच्या माणसाने करून पाहिलं आहे, सांधा कळत नाही.

माझे पती म्हणाले की राहू दे, आईचं नाव तरी येईल. त्यांच्या म्हणण्यात वाईट हेतू नाही. ते दिवसभर गादीवर पडून असतात.

मी दिग्दर्शकांना सांगितलं की मी सबंध संसार त्या बाईला अहो म्हणत आले. भांडतानासुद्धा अहो म्हटलं. शेवटी शेवटी त्यांना अंघोळ घालत होते, तेव्हाही म्हटलं. त्यांना पोरकटपणा सुचला की मला हसू यायचं आणि तरी तोंडातून अहोच यायचं. मला माझी आई आठवत नाही, मी लहान असताना गेली. मी कुणालाही नुसतं "आई" अशी हाक मारलेली नाही. जी हाक मी मारली नाही ती माझ्या आवाजात कुणी ऐकू नये. दिग्दर्शक म्हणाले की तुम्ही हरकत नाही म्हणाला होतात. मी म्हटलं, हो, म्हणाले होते. आजही त्या मशीनपुढे बसायचं असेल तर परत म्हणेन. ते पायात बूट घालून गेले. कंपनी काय करणार ते मला माहीत नाही. भाग पुढच्या आठवड्यात दाखवणार आहेत.

तो आवाज त्यांच्याकडून काढून घ्यावा, किंवा निदान कापू नये, अशी माझी विनंती आहे. यासाठी कोणतं कलम लागतं ते साहेबांनी बघावं. साहेब म्हणाले की असं कलम त्यांच्या माहितीत नाही, तरी लिहून घेतो.

एवढंच माझं म्हणणं आहे. मी बोलले तसं ठाण्यातील लेखनिकांनी लिहिलं आणि मला सावकाश वाचून दाखवलं. वाचताना त्यांनी माझी हाकही बाकीच्या मजकुरासारखीच, एका सुरात वाचली. अहो, आई, दोन्ही शब्द वाचले. ते बरोबर आहे. त्यात काही कमी करायचं नाही, म्हणून खाली सही करते.